चिठ्ठीवरचे नाव आणि चिठ्ठीवरचे चिन्ह: पक्षांतरबंदी कायदा मतदाराच्या बाजूने समजून घेताना

२० नोव्हेंबर २०२४ च्या सकाळी विधानसभेच्या मतदानासाठी मी आमच्या भागातल्या शाळेच्या व्हरांड्यात रांगेत उभी होते. माझ्यापुढे ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या. नातवाने त्यांना रांगेपर्यंत आणून सोडले होते. मतदार चिठ्ठी दोन्ही हातांत धरून त्या मागे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, मागच्या खेपेला मी ज्याला मत दिलं, तो आता कुठल्या पक्षात आहे गं? आणि त्याचं ते चिन्ह आता कुणाकडं गेलंय?" मतदान केंद्राजवळ पक्षांविषयी बोलणे नियमाला धरून नाही, म्हणून मी त्यांना एवढेच सांगितले की आत यंत्रावर उमेदवाराचे नाव, छायाचित्र आणि चिन्ह शेजारी-शेजारी असते, ते नीट पाहून बटण दाबा. आजींचे त्याने समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

माझी पाळी आली. बटण दाबल्यावर शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे चिठ्ठी उजळली. सात सेकंद ती दिसते आणि मग कापली जाऊन खालच्या पेटीत पडते. त्या चिठ्ठीवर अनुक्रमांक असतो, उमेदवाराचे नाव असते आणि त्याचे चिन्ह असते. माझे मत एक, पण चिठ्ठीवर मात्र माणूसही आहे आणि पक्षही आहे. मग मी मत नेमके कोणाला दिले, नावाला की चिन्हाला? पाच वर्षे दोन्ही एकत्र राहिले तर हा प्रश्न उद्भवत नाही. नाव एकीकडे आणि चिन्ह दुसरीकडे गेले की माझे मत कोणाबरोबर गेले असे समजायचे, हे ठरवण्यासाठी आपल्या राज्यघटनेत दहावी अनुसूची आहे. तिलाच आपण पक्षांतरबंदी कायदा म्हणतो. गेली काही वर्षे महाराष्ट्रात आणि गोव्यात या कायद्याचे नाव रोज कानावर पडले, पण तो प्रत्यक्षात काय म्हणतो आणि त्यातून माणसे कशी निसटतात, हे मतदाराला क्वचितच कोणी सांगितले. वकिलांची भाषा बाजूला ठेवून ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी हे लक्षात घ्यावे लागेल की घटनाकारांनी राजकीय पक्षांचा उल्लेखच केला नव्हता. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या राज्यघटनेत लोकसभा आहे, विधानसभा आहे, सदस्य आहे, सभागृहाचा विश्वास आहे, पण सदस्य कोणत्या पक्षाचा आहे याच्याशी घटनेला कर्तव्य नव्हते. मतदारसंघाने एक माणूस निवडून पाठवला आणि तो आपल्या बुद्धीने मत देईल, अशी ती कल्पना होती. प्रत्यक्षात निवडणुका पहिल्यापासून पक्षांच्याच झाल्या. अक्षरओळख नसलेल्या मतदारांसाठी चिन्हे आली आणि बैलजोडी, झोपडी, दिवा अशा चित्रांनी मते मागितली गेली. घटनेच्या लेखी माणूस आणि मतदाराच्या लेखी चिन्ह, असे हे अंतर पहिली पंधरा वर्षे कोणाला फारसे खुपले नाही, कारण काँग्रेसचे बहुमत बहुतेक ठिकाणी एवढे मोठे होते की दोन-चार आमदार इकडेतिकडे गेल्याने सरकार पडत नसे.

१९६७ च्या निवडणुकीने ती स्थिती बदलली. अनेक राज्यांत काँग्रेसचे बहुमत गेले किंवा काठावर आले, आणि काठावरच्या बहुमतात एकेका आमदाराला मोल आले. त्याच वर्षी हरियाणातील गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीन वेळा पक्ष बदलला, आणि 'आयाराम गयाराम' हा शब्दप्रयोग देशभर रूढ झाला. आपण तो आजही हसत वापरतो, पण त्या काळची आकडेवारी वाचली की हसू मावळते. लोकसभेच्या मागणीवरून केंद्र सरकारने पक्षांतराचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण. १९६९ च्या आरंभी आलेल्या या समितीच्या अहवालानुसार काही राज्यांत पक्ष बदललेल्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना, त्यांच्याच पक्षांतरामुळे सत्तेवर आलेल्या सरकारांत मंत्रिपदे मिळाली होती. म्हणजे पक्ष बदलणाऱ्या दर दोघांतला एक जण मंत्री झाला. माझ्या मते या विषयावर याहून बोलका आकडा नाही. पक्षांतराला विचारांतील परिवर्तन म्हणायचे की पदाचा व्यवहार, हे तो आकडा स्वच्छ सांगतो.

अहवाल आला, तरी कायदा व्हायला पुढची सोळा वर्षे गेली. १९७३ आणि १९७८ साली झालेले प्रयत्न तडीस गेले नाहीत. दरम्यान १९७८ च्या जुलैत महाराष्ट्रात शरद पवार यांनी वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडून पुलोदचे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचे, सरकार बनवले, आणि १९८० च्या जानेवारीत हरियाणाचे मुख्यमंत्री भजनलाल जनता पक्षातील आपल्या बहुसंख्य आमदारांसह काँग्रेसमध्ये गेले आणि मुख्यमंत्रीच राहिले. अखेर १९८४ च्या निवडणुकीत प्रचंड बहुमत मिळाल्यावर राजीव गांधी यांच्या सरकारने १९८५ च्या जानेवारीअखेर ५२ वी घटनादुरुस्ती संमत करून घेतली. तिनेच दहावी अनुसूची घटनेत आणली. राजकीय पक्ष ही गोष्ट घटनेच्या मजकुरात प्रथम अवतरली ती अशी, पक्ष सोडणाऱ्याला शिक्षा करण्याच्या निमित्ताने.

कायद्याचा गाभा अवघड नाही. पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला आमदार किंवा खासदार दोन कारणांनी अपात्र ठरतो. त्याने स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडले, हे पहिले कारण. पक्षाने काढलेल्या आदेशाविरुद्ध, पूर्वपरवानगी न घेता, त्याने सभागृहात मत दिले किंवा तो मतदानाला गैरहजर राहिला आणि पक्षाने पंधरा दिवसांत त्याला माफ केले नाही, हे दुसरे. या आदेशाला आपण व्हिप म्हणतो, आणि तो बजावणाऱ्या आमदाराला प्रतोद. अपक्ष म्हणून निवडून आलेल्याने नंतर कोणत्याही पक्षात प्रवेश केला, तर तोही अपात्र ठरतो, कारण लोकांनी त्याला कोणत्याच पक्षाचा नाही म्हणून निवडले होते. या शेवटच्या तरतुदीमागचा विचार मला फार सरळ आणि मतदाराचा मान राखणारा वाटतो. निवडणुकीच्या दिवशी तुम्ही स्वतःची जी ओळख सांगितली, ती पाच वर्षे सांभाळा, एवढेच तो म्हणतो.

'स्वेच्छेने सदस्यत्व सोडणे' याचा अर्थ राजीनामा देणे एवढाच नाही, हे ठरले ते गोव्यातील एका खटल्यात. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या आमदारांविषयीच्या, रवी नाईक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली सांगितले की माणसाने कागदावर राजीनामा दिला नसला, तरी त्याच्या वागण्यावरूनही त्याने पक्ष सोडला असा निष्कर्ष काढता येतो. आपल्याच पक्षाचे सरकार पाडण्यासाठी विरोधकांबरोबर राज्यपालांकडे गेलेला आमदार 'मी अजून पक्षातच आहे' असे म्हणू लागला, तर ते मान्य करण्याचे बंधन कोणावर नाही. नाव आणि चिन्ह यांची फारकत झाली की मत चिन्हाचे धरावे, असा या कायद्याचा सर्वसाधारण कल आहे.

असे असताना पक्षांतरे थांबली का नाहीत? कारण कायद्याने एकट्यादुकट्याला दार बंद केले आणि जमावासाठी ते उघडे ठेवले. १९८५ च्या मूळ मसुद्यात दोन सवलती होत्या. विधिमंडळ पक्षातील, म्हणजे सभागृहात असलेल्या त्या पक्षाच्या आमदारांपैकी, एक तृतीयांश आमदार फुटले तर त्याला 'फूट' म्हणायचे आणि कोणालाही अपात्र ठरवायचे नाही, ही पहिली सवलत. दोन तृतीयांश आमदार दुसऱ्या पक्षात जाण्याला राजी असतील तर त्याला 'विलीनीकरण' म्हणायचे, ही दुसरी. पक्षात खरोखरच तात्त्विक मतभेद होऊ शकतात आणि तेव्हा मोठ्या गटाला शिक्षा होऊ नये, अशी या सवलतींमागची भूमिका होती. व्यवहारात मात्र एक तृतीयांश हा आकडा जमवण्याचे लक्ष्य होऊन बसला. १९९० च्या निवडणुकीत शिवसेनेचे ५२ आमदार निवडून आले होते, आणि पुढच्याच वर्षी छगन भुजबळ यांनी याच तरतुदीचा आधार घेऊन आपला गट बाहेर काढला. अखेर २००३ साली, अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना, ९१ व्या घटनादुरुस्तीने फुटीची सवलत काढून टाकली. मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या १५ टक्क्यांहून मोठा असू नये आणि अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत, किंवा सभागृहाची मुदत संपेपर्यंत, मंत्रिपद मिळू नये, हेही याच दुरुस्तीने ठरवले. किरकोळीच्या व्यापारावर बंदी आणि ठोक व्यापाराला मुभा, अशी टीका या कायद्यावर पहिल्या दिवसापासून होत आली. ठोकाचे माप एक तृतीयांशावरून दोन तृतीयांशावर गेले, इतकाच फरक पडला.

हे माप लहान राज्यात किती सहज गाठता येते, ते गोव्यात दिसले. गोव्याच्या विधानसभेत ४० जागा आहेत, बहुमताला २१ लागतात. लहान राज्यांना १५ टक्क्यांऐवजी किमान १२ मंत्र्यांची मुभा आहे, म्हणजे सत्तेवर बसलेल्या २१ जणांपैकी निम्म्याहून अधिकांना मंत्रिपद देता येते. उरलेल्यांसाठी महामंडळांची अध्यक्षपदे असतात. अशा ठिकाणी विरोधी बाकावर पाच वर्षे बसून राहणे म्हणजे सत्तेच्या दारात उभे राहून आत न जाणे, आणि सगळ्यांना ते जमत नाही. २०१९ च्या जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी, विरोधी पक्षनेत्यासह, भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. १५ चे दोन तृतीयांश म्हणजे बरोबर १०. २०२२ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसने खबरदारी म्हणून आपल्या उमेदवारांना मंदिरात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात नेऊन पक्षाशी एकनिष्ठ राहण्याच्या शपथा घ्यायला लावल्या. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला निवडून आलेल्या ११ पैकी ८ जण भाजपमध्ये गेले. ११ चे दोन तृतीयांश करायला ८ लागतात. ज्या मतदारांनी त्या शपथा पाहून मत दिले असेल, त्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही. माणसाने देवासमोर दिलेला शब्द आणि कायद्याने घातलेली मर्यादा, या दोहोंचा आधार त्यांना मिळाला नाही.

विलीनीकरणाच्या तरतुदीत एक बारकावा आहे आणि त्याकडे लक्ष द्यायला हवे. अनुसूचीचा चौथा परिच्छेद म्हणतो की मूळ राजकीय पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला तर सदस्य अपात्र ठरत नाही. पुढे तो असेही म्हणतो की विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश सदस्यांनी विलीनीकरणाला मान्यता दिली, तरच मूळ पक्षाचे विलीनीकरण झाले असे मानले जाईल. साधा वाचक याचा अर्थ काय लावील? आधी पक्ष विलीन व्हायला हवा, आणि मग त्याला आमदारांची मान्यता हवी. काँग्रेस हा देशभर पसरलेला पक्ष गोव्यातल्या दहा आमदारांच्या सह्यांनी भाजपमध्ये विलीन झाला, असे कोणीही म्हणणार नाही. तरीही मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी असा अर्थ लावला की दोन तृतीयांश आमदारांची मान्यता असली की विलीनीकरण झाल्याचे मानणे पुरेसे आहे, आणि विधानसभा अध्यक्षांचा अपात्रता नाकारणारा निर्णय कायम ठेवला. न्यायालयाचा आदर राखूनही मला हा अर्थ पटत नाही, कारण त्यामुळे मूळ पक्ष, त्याचे कार्यकर्ते आणि त्याच्या चिन्हावर मत देणारे लोक या सगळ्यांना वगळून केवळ आमदारांच्या संख्येला पक्ष म्हणावे लागते. त्या निर्णयाची तारीखही पाहा. पक्षांतर जुलै २०१९ मधले, अध्यक्षांचा निर्णय एप्रिल २०२१ मधला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत पुढच्या विधानसभेचे मतदान १४ फेब्रुवारीला होऊनही गेले होते.

महाराष्ट्रात २०२२ साली जे घडले, त्याला लोक सरसकट पक्षांतर म्हणतात, पण कायद्याच्या दृष्टीने तो रस्ता गोव्याहून वेगळा होता. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे शिवसेनेच्या बहुसंख्य आमदारांसह आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले. त्यांच्याजवळ दोन तृतीयांशांहून अधिक आमदार होते, पण त्यांनी विलीनीकरणाचा आधार घेतला नाही, कारण त्यांना दुसऱ्या पक्षात जायचेच नव्हते. फुटीची सवलत २००३ सालीच गेली होती. तेव्हा त्यांनी भूमिका घेतली ती अशी की आम्ही पक्ष सोडलेलाच नाही, आम्हीच खरा पक्ष आहोत. २९ जूनच्या रात्री उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी शिंदे मुख्यमंत्री झाले. वर्षभराने, २ जुलै २०२३ रोजी, अजित पवार यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रवादी काँग्रेसमध्येही याच धर्तीची फूट पडली.

'खरा पक्ष कोणता' हा प्रश्न एकदा उभा राहिला की तो दोन वेगवेगळ्या दारी जातो, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. चिन्ह कोणाचे, हे निवडणूक आयोग १९६८ च्या चिन्हविषयक आदेशानुसार ठरवतो, आणि आमदार अपात्र आहे की नाही, हे विधानसभेचे अध्यक्ष ठरवतात. आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये धनुष्यबाण तात्पुरता गोठवला, ठाकरे गटाला मशाल आणि शिंदे गटाला ढाल-तलवार दिली, आणि १७ फेब्रुवारी २०२३ रोजी मुख्यतः आमदार-खासदारांच्या संख्याबळाकडे पाहून धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. पुढे राष्ट्रवादीचे घड्याळही अजित पवारांच्या गटाकडे गेले आणि शरद पवारांच्या वाट्याला तुतारी वाजवणारा माणूस आला. रांगेतल्या त्या आजींचा प्रश्न भोळा नव्हता. वर्षानुवर्षे डोळ्यांना सवय झालेली चित्रे दोन वर्षांत या हातातून त्या हातात गेली होती.

११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने दिलेला निकाल मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने एक गाठ सोडवली. प्रतोद नेमण्याचा आणि आदेश काढण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळातील आमदारांच्या गटाचा नाही, असे न्यायालयाने सांगितले. शिंदे गटाच्या प्रतोदांना अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदेशीर ठरवली. राज्यपालांनी बहुमत चाचणीचा आदेश द्यायला पुरेसा आधार नव्हता, असेही म्हटले. मात्र ठाकरे यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळे त्यांचे सरकार पुन्हा स्थापन करता येणार नाही, असा निष्कर्ष काढला आणि अपात्रतेचा प्रश्न वाजवी मुदतीत निकाली काढण्यासाठी अध्यक्षांकडे सोपवला. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ रोजी निर्णय दिला, तोही सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यानंतर. पक्षात दोन गट पडले तेव्हा शिंदे गट हाच खरा पक्ष होता, असे त्यांनी ठरवले, आणि दोन्ही बाजूंच्या एकाही आमदाराला अपात्र केले नाही. या निर्णयाविरुद्ध पुन्हा न्यायालयात दाद मागितली गेली, आणि त्यावर अंतिम शब्द येण्याआधीच विधानसभेची मुदत संपून नवी निवडणूक झाली. कोण बरोबर होते याबद्दल तुमचे आणि माझे मत वेगळे असू शकते. पण २०१९ साली दिलेल्या मताचे काय झाले, हे ठरवायला एका विधानसभेचे उरलेले सगळे आयुष्य पुरले नाही, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

गोवा आणि महाराष्ट्र यांखेरीज तिसरा एक रस्ता कर्नाटकने दाखवला. २०१९ मध्ये सत्ताधारी आघाडीच्या आमदारांनी राजीनामे दिले, सभागृहाची संख्या खाली आली आणि कुमारस्वामी यांचे सरकार २३ जुलैला ९९ विरुद्ध १०५ मतांनी पडले. अध्यक्षांनी १७ आमदारांना अपात्र ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने ती अपात्रता मान्य केली, पण मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवायला घातलेली बंदी उठवली. डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत त्यांतले बहुतेक नव्या चिन्हावर निवडून आले. मार्च २०२० मध्ये मध्य प्रदेशात २२ आमदारांच्या राजीनाम्यांनी कमलनाथ सरकार गेले, तेही याच पद्धतीने. या रस्त्याबद्दल माझे मत जरा सौम्य आहे. माणूस निदान मतदारापुढे परत जातो, 'मी चिन्ह बदलले, आता सांगा' असे म्हणतो, आणि लोकांनी त्याला पुन्हा निवडले तर तक्रार करायला जागा राहत नाही. पोटनिवडणुकीचा खर्च आपल्याच खिशातून होतो आणि मध्यंतरी सरकार पडलेले असते, हे दोष त्यात आहेतच.

या सगळ्या कथांमध्ये जो दुवा वारंवार निखळतो, तो निर्णय देणाऱ्याचा. दहाव्या अनुसूचीने न्यायनिवाड्याचे काम अध्यक्षांकडे दिले. इंग्लंडमध्ये अध्यक्ष झालेला सदस्य पक्षाशी असलेले नाते तोडतो. आपल्याकडे १९६७ साली लोकसभेचे अध्यक्ष झालेले नीलम संजीव रेड्डी यांनी पक्षाचा राजीनामा दिला होता, आणि अध्यक्षाने असे केले तर तो अपात्र ठरणार नाही, अशी तरतूदही या अनुसूचीत मुद्दाम केलेली आहे. पण ती वापरणारे जवळजवळ कोणी निघाले नाही. अध्यक्ष सत्ताधारी पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो, त्याच पक्षाच्या मतांवर खुर्चीवर बसतो, त्या मतांनीच खुर्चीवरून उतरवला जाऊ शकतो, आणि पुढच्या निवडणुकीचे तिकीटही त्याला तिथूनच हवे असते. १९९२ साली नागालँडमधील किहोटो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने हा कायदा वैध ठरवला आणि अध्यक्षांचा निर्णय न्यायालयात तपासता येईल असे सांगितले, तेव्हा अल्पमतातल्या दोन न्यायमूर्तींनी नेमका हाच आक्षेप घेतला होता की सभागृहातील बहुमतावर अवलंबून असलेली व्यक्ती निःपक्ष न्यायाधीश होऊ शकत नाही. तीस वर्षांचा अनुभव पाहता मला त्या दोघांचे म्हणणे खरे ठरलेले दिसते. अध्यक्षांना निर्णयासाठी कायद्यात मुदत नाही, आणि त्यांनी निर्णय देईपर्यंत न्यायालय सहसा हात घालत नाही. त्यामुळे चुकीचा निर्णय देण्याचीही गरज पडत नाही, नुसते थांबून राहिले तरी काम होते. मणिपूरमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले की असामान्य कारण नसेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा, आणि हे काम निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र, कायमस्वरूपी लवादाकडे देण्याचा विचार संसदेने करावा. संसदेने तशी दुरुस्ती केलेली नाही.

कायद्याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण पक्षांतराचा राग आला की आपण व्हिपची पकड आणखी घट्ट करा असे म्हणू लागतो. आज पक्ष कोणत्याही विधेयकावर व्हिप काढू शकतो. तुमच्या तालुक्याची जमीन घेणारे विधेयक असो की शाळांचे अनुदान बदलणारे, तुमचा आमदार त्यावर मनातून कितीही विरोधी असला, तरी विरोधात मत देण्याची किंमत म्हणून त्याला आमदारकी गमवावी लागू शकते. मग तो बोलणे सोडून देतो, विधेयक वाचणेही सोडून देतो, आणि मतदारांनी विचारले की 'पक्षाचा आदेश होता' असे सांगून मोकळा होतो. म्हणजे या कायद्याने चिठ्ठीवरच्या चिन्हाचे रक्षण करताना नावाला पार गप्प केले. निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० सालीच सुचवले होते की अपात्रतेचा बडगा विश्वासदर्शक किंवा अविश्वास ठराव आणि अर्थविधेयक अशा सरकारच्या अस्तित्वाशी निगडित मतदानापुरताच ठेवावा. मला हीच वाट योग्य वाटते. एका मताला किती वजन असते, हे १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे पडले तेव्हा आपण पाहिले आहे. अशा मतदानात चिन्हाशी बांधिलकी असलीच पाहिजे, आणि बाकीच्या दिवशी आमदाराला तोंड उघडण्याची मोकळीक असली पाहिजे.

तेव्हा माझ्यासारख्या मतदाराची मागणी फार मोठी नाही. दोन तृतीयांशांची सवलत काढून टाकावी आणि दहा जण गेले काय किंवा एक गेला काय, चिन्ह सोडणाऱ्याने जागा सोडून पुन्हा निवडून यावे. निर्णय अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र लवादाकडे द्यावा आणि त्याला तीन महिन्यांची मुदत कायद्यातच लिहावी. या दोन्हींसाठी घटनादुरुस्ती लागेल, आणि ती करणे ज्यांच्या हाती आहे, त्या सगळ्यांनाच आजच्या पळवाटा कधी ना कधी उपयोगी पडल्या आहेत. म्हणून त्यासाठी लोकांनी दीर्घकाळ लावून धरावे लागेल.

एक गोष्ट मात्र त्याहून बरीच सोपी आहे. उमेदवारी अर्जाबरोबर प्रत्येक उमेदवार नमुना २६ मध्ये प्रतिज्ञापत्र देतो. त्यात त्याची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि त्याच्यावरील गुन्हे यांची माहिती असते. नागरिकांच्या संघटना न्यायालयात लढल्या आणि २००२-०३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी हा अधिकार आपल्याला मिळाला. या नमुन्यात आणखी एक रकाना हवा: यापूर्वी आपण कोणकोणत्या चिन्हांवर निवडून आलात आणि मुदत संपण्यापूर्वी त्यांतली कोणती सोडलीत? तो रकाना येईपर्यंत हा प्रश्न तोंडी विचारता येतो. गेल्या निवडणुकीत आमच्या सोसायटीच्या सभागृहात आलेल्या एका उमेदवाराला मी तो विचारला आणि पुढे असेही विचारले, "निवडून आल्यावर पक्ष बदललात, तर राजीनामा देऊन आधी आमच्याकडे याल का?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ताई, तशी वेळच येणार नाही." मी म्हटले, "वेळ येईल की नाही, ते राहू द्या. आली तर याल का?" मागच्या खुर्च्यांवर बसलेली माणसे तोवर बोलायची थांबली होती आणि उत्तर ऐकायला पुढे वाकली होती.